तावडे मिस्त्रींचं पातं

तावडे मिस्त्रींच्या कमरेला खोचलेल्या चपट्या डबीत तंबाखू नसे, ग्रीस असे. आमच्या लालबागच्या चाळीत नव्याने राहायला आलेला प्रत्येक जण एकदा तरी त्यांच्यापुढे हात पसरून चिमूटभर मागायचा आणि मिस्त्री गंभीरपणे डबी पुढे करायचे. "घे. जीभ सैल होतली," एवढंच म्हणायचे. त्यांच्यामुळे चाळीतली एकही बिजागरी कुरकुरत नव्हती. त्यामुळे कोण कोणाकडे कधी गेलं हे कळेनासं झालं, अशी शेजारणींची तक्रार होती.

मिस्त्री आणि मी एकाच जिमखान्यात नोकरीला होतो. मी कचेरीत कारकून, ते मैदानावर. जिमखान्याकडे ट्रॅक्टरमागे जोडायचं गवत कापायचं यंत्र होतं. वर पत्र्याचं झाकण, आणि खाली गरगर फिरणारं, दोन्ही टोकांना धार असलेलं एकच लांब पातं. यंत्र आलं त्या दिवशी समितीच्या अकराही सभासदांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला आणि त्यानंतर कोणी तिकडे फिरकलं नाही.

मिस्त्री मात्र रोज सकाळी यंत्र ट्रॅक्टरपासून सोडवायचे, झाकणाखाली आडवे व्हायचे आणि आदल्या दिवशीचं चिकटलेलं ओलं गवत खरवडून काढायचे. "पयला तिचा पोट साफ करूचा, मगे तिका चरूक सोडूची." मग सांध्यांना ग्रीस, गिअरच्या पेटीतलं तेल, एकेक बोल्ट. सेक्रेटरीसाहेब घाईघाईने येऊन सांगायचे, "आज लवकर कापून टाका, पाहुणे यायचे आहेत." मिस्त्री यंत्राकडे बोट करायचे. "तिका इचारलात काय?"

पात्याला धार लावली की ते मधल्या भोकात खिळा येईल असं भिंतीवर अडकवायचे. एक टोक जरा जरी झुकलं तरी ती जड बाजू पुन्हा घासायला घ्यायची. दसऱ्याच्या पूजेत ते दोन्ही टोकांना मोजून सारखंच कुंकू लावत, तोल बिघडू नये म्हणून. मी कचेरीत त्याची नक्कल करून दाखवायचो आणि सगळे पोट धरून हसायचे. एकदा मिस्त्री दारात उभं राहून ती पाहत होते. "कुंकू जरा जास्त घेतलंस," म्हणाले आणि निघून गेले. त्यावरही आम्ही हसलो.

त्यांचा खरा वैरी म्हणजे दगड. गवत कापण्याआधी गोणपाट घेऊन सबंध मैदान पायी फिरायचं, चिंचोक्याएवढा खडाही उचलायचा, हा त्यांचा नेम. अशात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. मिस्त्री मोर्चात सगळ्यांच्या पुढे असत, घसा बसेपर्यंत घोषणा देत, आणि परतताना पोरांना बजावत, "मुंबय आमचीच. पण दगड रस्त्यार मारा रे, गवतात नको."

त्यांचं कोण ऐकणार? एका दुपारी बाहेर लाठीमार झाला. माणसं कुंपण ओलांडून आमच्या मैदानातून पळाली आणि त्यांच्या मागून दगड आले. मिस्त्रींनी संध्याकाळपर्यंत ते वेचले, तरी दुसऱ्या दिवशी गवतात दडलेल्या एका दगडाने पात्याचा टवका उडवलाच. मग मिस्त्रींनी पुन्हा पहिल्यापासून मैदान पिंजून काढलं. गोणी खांद्यावर मारून ती बाहेर रिकामी करायला निघाले, तर फाटकाशी पोलिसांची गाडी.

"एवढे दगड कशाला जमवलेस?"

"गवतासाठी," मिस्त्री म्हणाले. तेवढ्यावर त्यांना गाडीत घातलं.

सेक्रेटरीसाहेबांनी तातडीने समिती भरवली. एरवी मैदानाला पाणी कुठून आणायचं हे ठरवायला ज्यांना वर्ष पुरत नसे, त्यांचं पाव तासात एकमत झालं. सकाळपर्यंत तावडे सुटून आले नाहीत तर त्यांना कामावरून काढायचं. दंगलखोर माणूस जिमखान्याला शोभत नाही. तसं पत्र टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. मी कागद टाइपरायटरमध्ये घातला, तसाच कोरा बाहेर काढला, आणि पुरावा म्हणून ते टवका उडालेलं पातं वर्तमानपत्रात गुंडाळून चौकीवर गेलो. दंगलीच्या दिवसांत चार फुटी धारदार पोलाद घेऊन पोलिस चौकीत शिरणारा माझ्याएवढा शहाणा माणूस सबंध मुंबईत नसेल.

मी वर्तमानपत्र सोडताच इन्स्पेक्टर खुर्चीतून उठलेच. "आधी दगड, आता हत्यार! तुमचा जिमखाना आहे की दारूगोळ्याचं कोठार?"

गजाआडून मिस्त्री ओरडले, तेही माझ्यावरच. "उलटा धरलंस रे! बोटा तुटतली तुझी!" मग जरा नरमून इन्स्पेक्टरना म्हणाले, "सायबानू, हय एखादो खिळो आसा?"

कॅलेंडर उतरवलं गेलं. हवालदाराने पातं खिळ्याला अडकवलं. टवका उडालेलं टोक सावकाश वर गेलं.

"बघा. एका दगडान ह्या केल्यान. असा फिरवला तर सगळी मशीन थरथरता. म्हणान दगड उचललंय."

इन्स्पेक्टरनी बोटाने पातं आडवं केलं आणि सोडलं. ते पुन्हा वर गेलं. त्यांनी तिसऱ्यांदा करून पाहिलं आणि हसू दाबत म्हणाले, "सोडा यांना."

हवालदाराने नोंदवही माझ्यापुढे सरकवली. "सही करा. तुम्ही धाकटे भाऊ ना यांचे?"

मी वहीत पाहिलं. जवळच्या नातेवाइकाच्या रकान्यात माझं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, धाकटा भाऊ. मी सही केली.

बाहेर आल्यावर मिस्त्री पातं खांद्यावर घेऊन पुढे चालत होते. परळचा नाका आला. मग मागे न बघताच म्हणाले, "तुझा नाव सांगितलंय. राग नाय ना इलो?"

"राग कसला, मिस्त्री?"

"घराक कोण नाय. गावाकडे पण कोण उरलो नाय. त्यांनी इचारल्यार माका दुसरा नाव सुचला नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं या माणसाच्या जिवावर मी कचेरीत हशा मिळवला होता, आणि याच्या घरी कोण आहे हे एकदाही विचारलं नव्हतं.

"दादा," मी म्हटलं, "पातं द्या इकडे."

ते थांबले. त्या पात्याला त्यांनी आपणहून कधी कोणाला हात लावू दिला नव्हता. त्यांनी धारेवरचं वर्तमानपत्र नीट केलं, दोनदा चाचपून पाहिलं आणि पातं माझ्या खांद्यावर ठेवलं.