एका क्वार्टरबॅकच्या बदल्यात

मार्नी कोव्हॅकला फक्त मंगळवारची संध्याकाळ मोकळी हवी होती.

तिचा गस नऊ महिन्यांचा झाला तरी रांगत नव्हता. सतरंजीवर बसवला की सभेच्या अध्यक्षासारखा पोट पुढे काढून चहूकडे बघत बसायचा. हवी ती वस्तू कुणीतरी आणून देणारच, अशी त्याची पक्की खात्री. "काळजीचं काही कारण नाही," असं डॉक्टर म्हणाले होते, आणि मार्नीने त्या क्षणापासून काळजीला सुरुवात केली होती. अकरा आठवडे फोन करकरून तिने बाळांकडून व्यायाम करून घेणाऱ्या बाईंची वेळ मिळवली. दर मंगळवारी, संध्याकाळी पाच. ही गेली की पुढची थेट फेब्रुवारीत.

आणि मंगळवारी पाचलाच जोसीचा अमेरिकन फुटबॉलचा सराव असायचा.

जोसी सात वर्षांची. 'हिरवे बेडूक' संघाची क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन तो कुणाकडे फेकायचा ते ठरवणारी. संघाचे प्रशिक्षक खुद्द तिचे आजोबा, मार्नीचे सासरे वॉल्ट. पण लहान मुलांच्या लीगचा नियम असा, की सरावाला प्रत्येक मुलामागे घरचं एक मोठं माणूस मैदानाबाहेर बसलंच पाहिजे, आणि प्रशिक्षक त्यात धरायचा नाही. मार्नीचा नवरा ड्रू रात्री नऊपर्यंत कारखान्यात. उरली मार्नी, आणि तिचे दोन तुकडे करायची सोय ओहायो राज्यात अजून झालेली नव्हती.

उपाय सापडला किराणा दुकानाच्या रांगेत. पुढे टिश ओडम उभी होती. तिचा मायलो 'निळे बगळे' संघात, आणि बगळ्यांचा सराव गुरुवारी.

"मग करूया ना अदलाबदल," टिश म्हणाली. "तुझी जोसी बगळ्यांत, माझा मायलो बेडकांत. मला काय, मंगळवार काय नि गुरुवार काय, मी गाडीत बसून झोपाच काढते."

"एवढं सोपं आहे?"

"एक फॉर्म, दोन्ही प्रशिक्षकांच्या सह्या, शनिवारी दुपारी बाराच्या आत. एक मूल गेलं की एक आलं पाहिजे, बस. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं काम करायला मार्नी शुक्रवारी सकाळी गसला कडेवर घेऊन नाक्यावरच्या पॅनकेकच्या हॉटेलात गेली. दोन्ही प्रशिक्षक तिथेच सापडतात हे तिला माहीत होतं. वॉल्ट आणि बगळ्यांचे रॉय स्टॅमेट्स गेली बारा वर्षं रोज सकाळी एकाच टेबलावर बसून भांडत होते. विषय एकच: शहराच्या संघाचा क्वार्टरबॅक.

"गेल्या रविवारी तीन वेळा चेंडू समोरच्यांच्या हातात दिला त्याने," रॉय म्हणत होते. "वाढदिवस होता का त्यांचा? मी म्हणतो देऊन टाका त्याला. बदल्यात दोन चांगले गडी आणा."

"घेणार कोण?" वॉल्ट म्हणाले. "तुझा जुना सोफा तू 'फुकट न्या' म्हणून दारात ठेवलायस ना? सहा महिने झाले. चोरसुद्धा बघून पुढे जातात."

मार्नीने फॉर्म टेबलावर ठेवला. "डॅड, इथे एक सही करा. रॉय, तुम्ही इथे."

वॉल्टनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरत गेलं ते पाहून मार्नीने गसला दुसऱ्या कडेवर घेतलं. तो आनंद होता. बारा वर्षं हा माणूस दुसऱ्यांनी केलेल्या अदलाबदलींना नावं ठेवत आला होता. आज एक अदलाबदल स्वतःच्या पायांनी त्याच्या टेबलावर चालत आली होती.

"माझी क्वार्टरबॅक," ते सावकाश म्हणाले, "आणि बदल्यात एकटा मायलो?"

"डॅड, गसच्या वेळेसाठी आहे हे. तुम्हाला सांगितलं होतं मी."

"गसचं बरोबर आहे गं. पण मायलो सामना सोडून फुलपाखरांच्या मागे जातो."

"सहा वर्षांचा आहे तो!"

"तेच तर. वय त्याच्या बाजूचं आहे," वॉल्टनी मान डोलावली. "तरी एकटा नाही चालणार. रॉय, मायलो आणि वर प्रुइटांची जुळी पोरं."

"जुळी?" रॉयनी कॉफीचा कप आपटला. "कुणासाठी? तुझ्या नातीचा हिशेब आहे माझ्याकडे. अकरा फेकींतल्या चार झेलल्या गेल्या. त्यातली एक प्रेक्षकांतल्या कुणाच्या तरी आजीने झेलली."

"फेक अचूक होती! आजी जागेवर होती!"

"आणि दबाव आला की थांबून पडलेला दात दाखवत बसते."

"त्याला धीर म्हणतात!"

अर्ध्या तासाने मार्नी बाहेर पडली तेव्हा फॉर्मवर सही नव्हती, पण तीन मुलं इकडची तिकडे आणि तीन तिकडची इकडे असं ठरलं होतं. जुळ्या भावांच्या बदल्यात वॉल्टनी जोसीसोबत आर्लो दिला, जो फीत ओढली की रडायचा. (कमरेला लटकवलेली फीत ओढली की गडी तिथेच थांबतो, असा हा लहानांचा फुटबॉल.) आणि दिली व्हेरा, जी दुसऱ्याची फीत ओढून झाली की त्याची माफी मागून ती परत लावून द्यायची. शिवाय ऑक्टोबरभर खेळानंतरच्या संत्र्याच्या फोडी बगळ्यांनी आणायच्या.

"फक्त फॉर्म उद्या सकाळी पक्का करू," वॉल्ट म्हणाले. "रात्रभर विचार करायला हवा. मोठा व्यवहार आहे."

रात्रभर विचार एकट्या वॉल्टनी केला असता तर निभावलं असतं. पण संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडला. व्हेरा आणि शेजारचा थिओ एकाच गाडीतून येतात. व्हेरा गेली तर थिओला आणणार कोण? म्हणून थिओही गेला. त्याच्या जागी बगळ्यांची हेझल आली, पण हेझलला तिच्या मैत्रिणीशिवाय बूटसुद्धा घालता येत नाहीत. मैत्रीण आली. मैत्रिणीच्या बदल्यात गेलेल्या मुलाच्या आईने विचारलं, आमच्याच मुलाला का काढलं, त्याच्यात कमी काय आहे? तिची समजूत पटावी म्हणून आणखी एकाला काढलं. मार्नी बाळाला भरवता भरवता एका हाताने लिहीत होती, 'मला फक्त मंगळवार हवा होता.' त्यावर सहा जणांनी 'लाइक'चा अंगठा टाकला आणि चर्चा पुढे गेली.

शनिवारी सकाळी साडेअकराला मैदानाच्या कडेला नोंदणीच्या ग्रेटाबाई घडीचं टेबल टाकून, शिक्का हातात धरून बसल्या होत्या. सहाला सहा झाली होती. प्रत्येक संघात सात मुलं. म्हणजे बेडकांत मूळचा एक कॅलम उरला होता, आणि बगळ्यांत मूळचा एक फिन, रॉयचा नातू.

"इथेच थांबा," मार्नी हात जोडायच्या बेतात आली होती. "छान झालंय. करा सह्या."

"फिन पाहिजे," वॉल्ट म्हणाले.

"माझा नातू?" रॉय म्हणाले. "कॅलमच्या बदल्यात? कॅलम मैदानात आडवा होऊन ढग बघतो!"

"तू माझी नात घेतलीस. नातीला नातू. आणि वर मी भविष्यातली एक निवड देतो, पुढे येणाऱ्या पोरांतली."

"कुठली?"

वॉल्टनी बाबागाडीकडे पाहिलं. बाबागाडीत गस अध्यक्षस्थानी होता.

"डॅड!"

"पाच वर्षांनंतरचं आहे गं. दुसऱ्या फेरीतली निवड. पहिल्या फेरीत उत्तम गडी जातात, दुसरीत त्यांच्या खालचे."

रॉय वाकले. एक डोळा बारीक करून त्यांनी गसला डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. "मांड्या बऱ्या आहेत. रांगतो का?"

ग्रेटाबाईंनी शिक्का खाली ठेवला.

"अजून नाही," मार्नी हळूच म्हणाली.

"मग तिसरी फेरी."

आजवर मार्नी कुणाशी भांडली नव्हती. दुकानात शिळा पाव मिळाला तरी ती थँक्यू म्हणून घरी यायची. पण अकरा आठवड्यांची धास्ती, सतरंजीवर शेजारी आडवं पडून खुळखुळा वाजवलेल्या दुपारी, रात्रभरचे ते मेसेज, सगळं एकदम तिच्या नाकपुड्यांतून बाहेर पडलं.

"तिसरी?" ती म्हणाली. "तिसरी फेरी? सहाव्या महिन्यात दोन दात आलेत त्याला! खोलीत कोण कुठे आहे, कुणाच्या हातात काय आहे, सगळ्यावर नजर असते त्याची. रांगत नाही, कारण त्याला गरज पडत नाही! तो बोट दाखवतो आणि आम्ही सगळे पळतो. हा पळणाऱ्यांतला नाही, रॉय, पळवणाऱ्यांतला आहे. ह्याला म्हणतात क्वार्टरबॅक!"

"मार्नी," टिश तिच्या कानाशी लागली, "तू पोराचा भाव वाढवतेयस."

"मला कळतंय. तू गप्प बस. रॉय, पहिली फेरी. नाहीतर मी बाबागाडी घेऊन निघाले."

वॉल्ट सुनेकडे बघतच राहिले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांना वाटलं, पोराने बायको हिऱ्यासारखी निवडली.

"पहिली," रॉयनी हात पुढे केला. "पण मग कॅलमसोबत पाण्याचा मोठा डबाही आमचा."

"घ्या डबा!" मार्नीने हात मिळवला.

बाराला चार मिनिटं कमी असताना सह्या झाल्या. शिक्का ठप्पकन बसला. टाळ्या पडल्या. मैदानावर चौदा मुलांनी शर्ट काढून एकमेकांना दिले. त्यांना हा खेळ फुटबॉलपेक्षा फार आवडला, आणि दोघांनी तर पँटीही काढल्या. आर्लो रडला, पण नुसता रिवाज म्हणून.

मग ग्रेटाबाईंनी यादी डोळ्यांजवळ धरली. लांब धरली. "एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "कालचे सगळे बेडूक आज बगळे आहेत. आणि कालचे सगळे बगळे आज बेडूक आहेत. मग झालं काय नेमकं?"

पालकांना एकदम कंठ फुटला. आम्ही मुद्दाम मंगळवार घेतला होता! आमचा गुरुवारी पियानो असतो! आम्हाला मंगळवारी आजी असते! सगळेच ओरडत होते, पण मागणी सगळ्यांची एकच होती, आपापला जुना वार, त्यामुळे ग्रेटाबाईंना काम सोपं गेलं. बाराला एक मिनिट कमी असताना त्यांनी एक ओळ खोडली, एक लिहिली. बगळ्यांचा सराव यापुढे मंगळवारी पाच वाजता. बेडकांचा गुरुवारी. ठप्प.

मार्नी पाण्याच्या मोठ्या डब्यावर बसली. एका क्वार्टरबॅकच्या बदल्यात सहा मुलं आणखी गेली, संत्री आली, डबा गेला, तान्हं बाळ पाच वर्षं आगाऊ देऊन झालं, आणि मंगळवार जिथल्या तिथे होता. सोमवारी फोन करून तिला ती वेळ सोडावी लागणार होती. फेब्रुवारी. फेब्रुवारीपर्यंत गस सव्वा वर्षाचा होणार.

वॉल्ट येऊन शेजारी बसले. व्यवहाराची नशा उतरली होती. समोर त्यांचा नवा संघ फुलपाखरामागे धावत होता.

"रॉयने गंडवलं मला," ते पुटपुटले. "माझी सगळी पोरं नेली. आता गुरुवारी त्या मायलोला शिकवायचं. आणि मंगळवारी? बसा घरी. टीव्ही बघा. मंगळवारी संध्याकाळी मला आता कुत्रंसुद्धा विचारणार नाही."

मार्नीने मान वर केली. तिने आधी सासऱ्यांकडे पाहिलं, मग ग्रेटाबाईंच्या टेबलावरच्या नियमांच्या कागदाकडे, मग पुन्हा सासऱ्यांकडे.

"डॅड," ती अगदी हळू म्हणाली, जणू मोठ्याने बोललं तर ते उडून जाईल, "तुम्ही आता जोसीचे प्रशिक्षक नाही."

"चोळ मीठ. तूही चोळ."

"अहो, नाही! प्रशिक्षक नाही म्हणजे तुम्ही घरचं मोठं माणूस आहात! मंगळवारी मैदानाबाहेर खुर्ची टाकून बसू शकता. नियमात बसतं!"

वॉल्टनी विचार केला. चेहऱ्यावर हळूहळू रंग चढला. "बाहेर बसून काय करायचं?"

"काहीच नाही. नुसतं बघायचं. रॉय काय काय चुकतात ते."

"आणि बोललं तर चालतं?"

"प्रेक्षकांना कोण अडवतंय?"

मंगळवारी सव्वापाचला गस एका स्वच्छ, उबदार खोलीत निळ्या गादीवर पालथा पडला होता. व्यायामाच्या बाई शांत आवाजाच्या होत्या. "तब्येत मस्त आहे हो," त्या म्हणाल्या, "थोडा आळशी आहे, एवढंच. लावू कामाला." त्यांनी गसचा गुडघा अलगद दुमडला आणि गसने अध्यक्षपद धोक्यात आल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं. मार्नीने कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

तेवढ्यात फोन थरथरला. वॉल्ट. जोसी पडली? हात मोडला?

"मार्नी!" मागून रॉयचा आवाज येत होता, 'वॉल्ट, खुर्ची रेषेच्या मागे घे! मागे!' "मार्नी, हा माणूस आपल्या जोसीला चेंडू फेकू देत नाहीये! क्वार्टरबॅक म्हणून त्या कॅलमला उभा केलाय. कॅलमला! आणि जोसीला आवडतंय, ती हसतेय! हे मी चालवून घेणार नाही. ग्रेटाला फोन कर. सगळी पोरं परत घेतो मी, वर संत्री देतो."

"शनिवारी बारालाच मुदत संपली, डॅड," मार्नी म्हणाली, आणि फोन पालथा घालून गसच्या शेजारी गादीवर आडवी झाली.