रेवणमास्तरांचा बिनलग्नाचा बाजा

आमच्या गल्लीतल्या आडावर दोन बाया भांडायला लागल्या, की रेवणमास्तर हातातली काडी उचलून मधे उभे राहायचे. भांडण सोडवायला नव्हे हो, चालवायला! एकीकडं काडी दाखवून म्हणायचे, "पहले तुम्ही. थोडं हळू. हां, आता वर चढा." मग दुसरीकडं वळायचे, "सबर! तुमची पाळी आली न्हाय अजून." पाळी येईस्तोवर कुणाचा राग टिकतोय? शेवटी दोघी मिळून मास्तरांनाच शिव्या द्यायच्या. मास्तर खूश. म्हणायचे, "आता कसं, दोघींचा सूर एक झाला!"

रेवणमास्तर म्हणजे आमच्या तेर गावच्या बँडचे मास्तर. जवानीत हैदराबादला निजामाच्या पलटणीच्या बँडमधे होते. तिथून गावी आले आणि माझ्यासारखे नांगरामागचे गडी धरून त्यांनी बँड उभा केला. मी मोठा ढोल वाजवायचो. त्यांची शिकवायची तऱ्हा अशी, की सगळ्यांना तेरणा नदीच्या काठानं चालवायचं. डाव्या पायाला ढोल, उजव्याला झांज. पाय चुकला की काडी पोटरीवर. "तोंड खोटं बोलंल, पाय न्हाय बोलनार!" तळपायात काटे मोडून घेत आम्ही संगीत शिकलो, बाबा.

पण गावाला एक कोडं होतं. मास्तर स्वतः काहीच वाजवत नसत. वरातीत आमच्यापुढं उलटं चालत नुसते हात हलवायचे. लोक म्हणायचे, "बाजा ही पोरं वाजवत्यात, मास्तर नुसत्या माशा हाकत्यात." घरी गौरावैनी, म्हणजे मास्तरांची बायको, तीही तेच म्हणायची. तिचा तरी काय दोष? बँड जायचा परगावी, कधी येरमाळ्याला, कधी तामलवाडीला. बँडवाल्याच्या बायकोला लग्नाला कोण बोलावतंय! तिनं मास्तरांना बाजा चालवताना कधी पाहिलंच नव्हतं.

मास्तरांना हे लई लागायचं. हैदराबादला त्यांनी एकदा पाहिलं होतं, की बाजा चाललाय आणि माणसं खुर्च्यांवर गप्प बसून ऐकतायत. कुणी नाचत न्हाय, कुणी पान मागत न्हाय. आणि इथं? पंगत बसली रे बसली, की आमच्यापुढं चिटपाखरू राहायचं नाही. "मरायच्या आधी एक डाव," मास्तर म्हणायचे, "मान्सं बसून ऐकली पायजेत. मंग कळंल मी काय करतो ते."

म्हणून एका वर्षी, लगीनसराई सरल्यावर, त्यांनी बाजाराच्या पटांगणात कार्यक्रम ठरवला. त्या निजामाच्या दिवसांत चार माणसं जमवायची तर पोलिसांच्या अमीनसाहेबांची परवानगी लागायची. साहेबांनी विचारलं, "शादी किसकी है?"

"शादी नहीं है, साहब."

"तो बाजा काहे को?"

"सुनने को."

दिवेलागणीच्या आत आटपा, एवढं बजावून अमीनसाहेबांनी हात झटकला. वेड्याच्या नादी कोण लागतंय!

गाव लोटला. सतरंज्या भरल्या. आम्ही शाळेतून आणलेल्या बाकांवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा बसून वाजवणार! मास्तरांनी हात वर केला आणि... काय सांगू तुम्हाला. पायच चालेनात, तर ताल कुठून येणार? माझा ढोल निघाला येडशीला, झांज लातूरला. क्लॅरनेटवाला तर घाबरून मधेच थांबला.

लोक पोट धरून हसले. कुणीतरी ओरडलं, "नवरदेव कुठाय?" दुसरा म्हणाला, "पंगत कवा हाय?" पंगत नाही म्हटल्यावर एकेक जण धोतर झटकून उठला. घटकाभरात सतरंज्या रिकाम्या. मास्तरांचा हात मात्र वरच होता. हा माणूस आज मोडतोय, असं मला वाटलं.

तेवढ्यात मागं बायकांत उभी असलेली गौरावैनी पुढं आली आणि मधल्या सतरंजीवर एकटीच बसली. म्हणाली, "अवो, पोरांस्नी हुबं तरी करा. पाय आखडल्यात बिचाऱ्यांचे."

बरोबर बोलली की! आम्ही उठलो आणि सतरंजीभोवती गोल चालत वाजवायला लागलो. मधे मास्तर, त्यांच्याजवळ वैनी. काय वाजलं त्या दिवशी, अहाहा! मास्तरांनी बोट हलवलं की क्लॅरनेट उठायची, तळवा खाली घेतला की माझा एवढा थोरला ढोल मांजराच्या पावलानं यायचा. वैनी आमच्याकडं बघतच नव्हती. ती मास्तरांच्या हातांकडं बघत होती.

आम्ही थांबलो. मास्तरांनी भीत भीत विचारलं, "कळलं का, म्या काय करतो ते?"

"कळलं की. येवढाली मान्सं, आन् समदी तुमच्या बोटावर!" वैनी हसली. मग हळूच म्हणाली, "आता कुठल्या गावाला जायाचं?"

"कुठं न्हाय."

"खरंच? वेशीतल्या मारुतीपुढं बाजा वाजवता आन् जाता तुमी. मला घरात तेवढाच ऐकू येतो. बाजा ऐकला, की मी एकटीपुरतं भाकरीचं पीठ काढते."

घरात लेकरूबाळ नव्हतं. सबंध लगीनसराई ती बाई एकटी असायची, आणि हे आमच्यापैकी कुणाच्या मनात कधी आलं नव्हतं. मास्तरांच्या तरी आलं होतं का, देव जाणे.

मास्तर मटकन तिच्याशेजारी बसले. चारचौघांत नवरा-बायकोनं असं शेजारी बसायचे दिवस नव्हते ते. आम्ही माना वळवल्या. तरी मास्तरांचा आवाज कानांवर पडलाच.

"आज दोघांपुरतं काढ," ते म्हणाले.