बाप्पाच्या दूर्वा आणि साहेबाचा चेंडू

दोन हजार साली गणेश चतुर्थी नेमकी शुक्रवारी आली. शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे सतीश उकिडवेला ऑफिसची सबब सांगायची सोय उरली नाही.

शारजातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये सगळी तयारी होती. पेणची मूर्ती उर्मिलाने मे महिन्यातच साड्यांत गुंडाळून आणली होती. नव्हत्या त्या फक्त दूर्वा. दुबईतल्या बर दुबई भागातल्या फुलवाल्याकडच्या आदल्या संध्याकाळीच खलास झालेल्या.

"अहो, दूर्वांशिवाय गणपती बसवायचा कसा?"

"कोथिंबीर चालेल?" सतीशने विचारलं. (लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी कुठे गप्प बसावं हे त्याला कळत नसे.)

उर्मिलाने नुसतं पाहिलं. त्या नजरेनेच त्याला आठवलं, की जबल अलीला कामाला जाताना कंपनीच्या बसमधून रोज एक रिसॉर्ट दिसतं. चहूकडे वाळवंट आणि मधोमध हिरवंगार गोल्फ कोर्स!

"एकवीस काड्यांचं काम. कोणाला कळतंय?" असं म्हणून त्याने आठ वर्षांच्या अस्मीला गाडीत बसवलं. मूल बरोबर असलं की माणूस सभ्य दिसतो.

गवत दाढी केल्यासारखं गुळगुळीत होतं. पण वाळूच्या एका खड्ड्याच्या काठाला यंत्र चुकवून वाढलेले तुरे होते. अस्सल दूर्वा! सतीश आडनावाला जागून उकिडवा बसला आणि खुडू लागला. अकरावी काडी हातात आली आणि शेजारी टप्पकन एक पांढरा चेंडू पडला. लांबून एक गोरा साहेब हात हलवत होता.

बिचाऱ्याचा चेंडू हरवला! सतीशने तो उचलला, पळत पळत गेला आणि साहेबाच्या हातात दिला. "सर, युवर बॉल."

साहेब बिटासारखा लाल झाला.

"बाबा, यू'आर नॉट सपोज्ड टू टच इट!" अस्मी मागून ओरडली.

तेवढ्यात छोट्या गाडीतून हनीफ नावाचा दणकट पठाण गार्ड आला.

"उधर बैठ के क्या कर रहे थे?"

"घास... निकाल रहा था."

"घर में बकरी है?"

"नहीं, भगवान है."

हनीफने टोपी मागे सारली. "भगवान घास खाता है?"

"खाते नहीं, सिर्फ पहनते हैं."

"लेबर कार्ड निकालो. कंपनी को फोन जाएगा."

सतीशच्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं. गेलेली नोकरी, रद्द झालेला व्हिसा आणि विमानतळावर मांडीवर गणपती घेऊन बसलेली उर्मिला. त्याचा हात खिशात गेला, तो कार्डाऐवजी रुमाल घेऊन बाहेर आला. शेवटी अस्मीच म्हणाली, "अंकल, इट्स फॉर अवर पूजा."

हनीफने टोपी सरळ केली. मग साहेबाशी जाऊन काहीतरी बोलला. साहेब चक्क हसला.

"पहले बोलना था ना! जुम्मे का दिन है, इबादत के लिए माँग रहे हो." असं म्हणत हनीफ त्यांना मागच्या शेडकडे घेऊन गेला. तिथे नव्या हिरवळीच्या गुंडाळ्या रचल्या होत्या. त्यातली एक त्याने मुळांमातीसकट सतीशच्या खांद्यावर ठेवली. "एक एक तिनका क्या चुनते हो? यल्ला, ले जाओ!"

सतीशने त्याचे दोन्ही हात धरले. "हनीफभाई, शाम को घर आना. आना ही पडेगा."

घरच्या गालिचाभर चिखल झाला, पण उर्मिलाने तिकडे पाहिलंही नाही. हिरवळीपुढे बसून तिने एकवीस दूर्वा मोजल्या आणि पदराने डोळे पुसले. बिल्डिंगमधल्या पाचही गणपतींना त्या दिवशी त्याच दूर्वा गेल्या.

ड्युटी संपवून हनीफ खरंच आला. उर्मिलाने त्याला आग्रह करकरून मोदक वाढले. आरतीला जमलेले शेजारी सकाळची हकिकत ऐकायला बसले होते. सतीशला चेव चढला.

"मी ठणकावून सांगितलं, कंपनीला खुशाल फोन करा! दूर्वा घेतल्याशिवाय हलणार नाही!"

"नो, बाबा," अस्मी म्हणाली. "यू वर क्राइंग."

सगळ्यांच्या माना वळल्या. सतीशने मोठ्या आशेने हनीफकडे पाहिलं. त्या भल्या माणसाने हातातला मोदक खाली ठेवला आणि अस्मीची समजूत घातली,

"नहीं बेटी, पूरा कहाँ रोए? आधे में ही मैंने घास दे दी."