सगळे मुहूर्त बुक होते

आमचे याकूबचाचा कुणाशीही बोलायच्या आधी त्याचे दोन्ही खांदे धरतात आणि त्याला उजेडाकडे वळवतात. मग विचारतात, "बोल, कसं काय?" भाजीवाला असो, डॉक्टर असो, सुटका नाही. एकदा नाक्यावर त्यांनी ट्रॅफिक हवालदाराला असं वळवलं. तो इतका गोंधळला, की टोपी सरळ करून फोटोला उभं राहावं तसा उभाच राहिला.

चाचा आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एकटे राहतात. भिवंडीतलं जुनं कोकणी मुसलमान घर. तिघे धाकटे भाऊ आधी कापडाचे लूम चालवायचे, आता कुवेतला आहेत. चाचा लूमच्या वाटेला कधी गेले नाहीत. त्यांनी चाळीस वर्षं लग्नांचे फोटो काढले. निकाह, हळद, बारशाला जोडून उरकलेलं लग्न, सगळं. स्वतः मात्र लग्न केलं नाही. का, म्हणून कुणी विचारलंच तर म्हणायचे, "काय करणार, सगळे मुहूर्त बुक होते."

मी भिवंडीजवळ वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला आहे. हौसेनं एक कॅमेरा घेतला होता. पॅकिंगमधली माझी मैत्रीण वनिता, तिथल्याच पूर्णा गावची, तिचं लग्न ठरलं आणि तिनं जाहीर करून टाकलं, फोटो सुजाताच काढणार. मी घाबरून थेट चाचांच्या दारात गेले. त्यांनी मला उजेडाकडे वळवलं आणि म्हणाले, "चेहरा पडलाय. लग्नाची ऑर्डर घेतलीस वाटतं?"

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. चाचांचा पहिला नियम, लग्नाला रीटेक नाही. हे वाक्य ते दिवसातून दहादा म्हणत. म्हणून सगळं दोन-दोन घ्यायचं. कॅमेरे दोन, फ्लॅश दोन, बॅटऱ्या आणि कार्डं तर ढीगभर. दुसरा कॅमेरा माझ्याकडे नव्हता, तो त्यांनी कपाटातून स्वतःचा काढून दिला. लांबलचक लेन्स पाहिजे का, असं मी विचारलं तर वैतागले. म्हणाले, वाघाचे फोटो काढायचेत का? पन्नासची लेन्स लाव आणि पायांनी जवळ जा. पायात आवाज न करणारे बूट. पोटात घरचं जेवण, कारण फोटोग्राफर पंगतीला बसला की नेमकी नवरी रडते. बॅगेत सेफ्टी पिना, सुई-दोरा आणि पेपरमिंटच्या गोळ्या. गोळ्या कशाला, तर नवरदेव चक्कर येऊन पडतात. नवऱ्या पडत नाहीत, हा चाचांचा अनुभव.

शिवाय दोन्हीकडची एकेक मावशी आधी गाठून ठेवायची. कोण कुणाशी बोलत नाही हे तिला ठाऊक असतं, त्यामुळे ग्रुप फोटोत भांडण होत नाही.

मग रंगीत तालीम झाली, आमच्या गच्चीवर. माझा नवरा नवरदेव झाला. नवरी व्हायला कुणी मिळेना, तेव्हा माझे सासरे डोक्यावर टॉवेल घेऊन उभे राहिले. ते आयुष्यभर लूमचे मिस्त्री, पण लाजले फार छान. मध्ये चादर धरून चाचा स्वतः मंगलाष्टकं म्हणत होते. चाळीस वर्षं ऐकून पाठ झालेली. "सावधान" म्हटलं रे म्हटलं की चादर खाली, आणि त्याच क्षणी माझं बोट बटणावर. मी मागच्या स्क्रीनवर फोटो बघायला गेले की चाचा ओरडत नसत, नुसतं म्हणत, "तू बघत बस. तिकडे हार घालून झाले." अशी पाच लग्नं लावली. सासरे सहाव्यालाही तयार होते.

चाचांना लग्नाला चला म्हटलं, तर तयार होईनात. मी रिटायर आहे, म्हणाले.

पूर्ण्यात मांडवाच्या मागेच गोडाऊनची भलीमोठी पत्र्याची भिंत, तिच्यावरून दुपारचं ऊन थेट डोळ्यांत. मुहूर्त बाराचा. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, आणि माझ्या कॅमेऱ्यावर अक्षरं उमटली, कार्ड चालत नाही. मी बटणं दाबत राहिले. समोर वनितानं हार उचलला होता. तेवढ्यात पाठीमागून शांत आवाज आला, "गळ्यातला दुसरा घे." मी तो घेतला आणि हार वनिताच्या हातून सुटायच्या आत बटण दाबलं.

मागे वळून पाहिलं तर इस्त्रीचा शर्ट घातलेले याकूबचाचा. म्हणाले, इकडे एक गोडाऊन बघायला आलो होतो.

जेवणं झाल्यावर ग्रुप फोटो सुरू झाले. वनिताची आजी खुर्चीवर बसली होती. ती मघापासून चाचांकडे निरखून बघत होती. शेवटी म्हणाली, "तूच ना र तो, झारावर चरलेला?"

वनिताच्या बापाच्या लग्नात वरात एका फोटोत मावेना म्हणून चाचा आंब्याच्या झाडावर चढले होते. ते आजीला आठवत होतं. तिनं त्यांचा हात धरून शेजारी उभं केलं, म्हणाली माझा भाऊच तू, ये फोटोत. चाचा नको नको म्हणत होते. हजारो माणसांना जागेवर उभं करणारा हा माणूस, पण आपले हात कुठं ठेवायचे ते त्याला कळेना. कधी खिशात, कधी मागे. शेवटी आजीनंच एक हात धरून ठेवला.

आठवड्यानं मी त्या फोटोची प्रिंट त्यांना नेऊन दिली. आधी चुका काढल्या. उजवीकडचा काका अर्धा कापलाय, एका पोरीचे डोळे मिटलेत. मग पेन घेतलं, फोटो उलटा केला आणि मला एकेकाचं नाव विचारून लिहायला लागले. नाव आणि पुढे नातं. नवरीचा मामा. नवरीची काकू. जुनी सवय, म्हणाले, नाहीतर पुढं कुणाला कळत नाही कोण कुणाचं होतं.

स्वतःचं नाव लिहिलं आणि पेन थांबलं.

"माझ्यापुढं राहू दे," ते म्हणाले. "मी तर फोटोग्राफर."

मी वनिताच्या घरी फोन लावला, आजीला द्या म्हटलं आणि स्पीकर चालू केला. चाचा हातानं नको म्हणत होते. मी विचारलं, आजी, त्या फोटोवर याकूबचाचांच्या नावापुढं काय लिहायचं?

"त्यान काय इचाराचा?" आजी म्हणाली. "भाऊ लिव. आनि त्याला सांग, आंबं लागल्यान, यं म्हनावं."

चाचांनी चष्मा पुसला. पुन्हा लावला. मग सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं, नवरीच्या आजीचे भाऊ, आणि शाई वाळेपर्यंत फोटो तसाच उलटा धरून बसून राहिले.