उजवा पडेपर्यंत

दोन हजार पाच साली वरून परिपत्रक आलं : तिसरी-चौथीच्या मुलांना संगणकीय विचार शिकवावा, संगणक यथावकाश मिळेल. असं परिपत्रक वाचून, सही करून फाईलला लावायचं असतं. आचऱ्याकडच्या आमच्या वाडीतल्या सुभद्राबाईंनी मात्र ते खरोखर शिकवायला घेतलं.

बाई सांगायच्या, कुठलंही काम पायरीपायरीने सांगा. असं झालं तर काय करायचं, नाही झालं तर काय, आणि थांबायचं कधी. याला म्हणतात आज्ञावली. मुलांनी पेजेची आज्ञावली केली, गळाला आमिष लावायची केली. मग केंद्रप्रमुख तपासणीला आले. त्यांच्या शेजारी शिक्षण समितीचे अध्यक्ष गुरुदास बसले होते. तेच देवळाचे मानकरी. त्यांची मुलगी वर्षाली फळ्यापुढे उभी राहिली आणि देवाला कौल कसा लावतात ते सांगू लागली.

"देवाच्या दोनय बाजूक फुलां लावची. प्रश्न इचारूचो. उजवा पडला तर होय, मगे थांबूचा. डावा पडला तर परत इचारूचा. उजवा पडापर्यंत."

बाईंनी शाबासकी दिली. केंद्रप्रमुखांनी टाळ्या सुरू केल्या, पण गुरुदासांचा चेहरा पाहून आवरत्या घेतल्या.

संध्याकाळी देवळात गाव बसला. बाई पोरांना नास्तिक करतात, त्यांची बदली करावी, असा ठराव मांडला गेला. बाईंची सासू अंथरुणाला खिळलेली. शाळा घराला लागून होती म्हणून दोन्ही कसंबसं निभत होतं. बाईंनी ते हात जोडून सांगितलं.

"बाई, आमचो तुमच्यार राग नाय," गुरुदास म्हणाले. "देव सांगात तसा करूया."

बदली करावी का, म्हणून कौल लावला. डावा पडला. बाईंच्या जिवात जीव आला. गुरुदास म्हणाले, प्रश्न नीट मांडला गेला नाही. नीट मांडला. पुन्हा डावा. तेव्हा गुरुदासांना अचानक फार उकडायला लागलं आणि त्यांनी समुद्राकडचं दार उघडायला लावलं. वारा आत शिरला, उजवं फूल पडलं आणि सगळे श्रद्धेने थांबले.

"पप्पा," वर्षाली म्हणाली, "दार उघडूचा सांगूक मी इसारलंय."

बाईंची बदली झाली ती पार कसाल गावाच्याही पलीकडे, घरून रोज ये-जा जमणार नाही इतक्या लांब. सासूपाशी आता शेजारीण बसते. केंद्रप्रमुखांनी अहवालात लिहिलं की विद्यार्थी आज्ञावलीतील त्रुटी स्वतः शोधू लागले आहेत, सबब उपक्रम शंभर टक्के यशस्वी. मार्गदर्शक शिक्षिका : पद रिक्त. मला त्या अहवालाचा अजून राग येतो.

तुम्हाला मात्र हसू येत असेल, आमच्या गावाचं. हसा. तुमच्या मुलाची कल चाचणी घेतली तेव्हा पहिल्या समुपदेशकाने चित्रकला सांगितली होती. संगणक सांगणारा भेटेपर्यंत तुम्ही आणखी कोणाकोणाकडे गेलात?