त्रिशूळवाली आणि वाघमारे सर

कुठल्याही चित्रासमोर उभे राहिले की वाघमारे सरांचा पहिला प्रश्न ठरलेला. "बसलंय कोण? वाकलंय कोण?" मग ते कॅलेंडर असो नाहीतर लग्नाचा फोटो. आमचा भाग अजून आंध्रात असतानाची ही गोष्ट. मुधोळच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे, मी गणित. शाळेच्या ग्रुप फोटोच्या वेळी त्यांनी हेडमास्तरांनाही खुर्चीवरून उठवलं. "कोनी बसाचं नाही, कोनी वाकाचं नाही!" उन्हात ताटकळून आमचे चेहरे असे आले, जणू सगळ्यांची बदली बेल्लमपल्लीच्या कोळशाच्या खाणीत झालीय.

त्यांचं खरं भांडण शंकरशेटच्या किराणा दुकानातल्या तसबिरीशी. शेटच्या वडिलांनी ती कुण्या साहेबाच्या बंगल्याच्या लिलावात घेतलेली. बाईच्या हातात त्रिशूळ, शेजारी सिंह. म्हणजे देवीच! रोज हार, कुंकू, उदबत्ती.

"शेट, ही देवी नाही. इंग्लंड हाय. गोऱ्यांनी सोताचा देश बाईच्या रूपात काढला."

"मंग डोक्यावर मुकुट काऊन?"

"तो मुकुट नाही, शिपायाची लोखंडी टोपी हाय."

"तुमी बौद्ध लोकं. देव मानत नाही, म्हनून तुमाले टोपी दिसते."

सर तसबिरीच्या खालच्या कोपऱ्यात बोट ठेवायचे. "आन ही सावळी? गुडघ्यावर बसून मोत्याचं ताट देऊन राह्यली, ती कोन? हा आपला मुलूख!"

शेट विचारात पडले. दुसऱ्या दिवसापासून सावळीलाही कुंकू लागलं. इंग्लंडचं मात्र बंद झालं नाही. दुकान बरं चाललं होतं, उगाच विषाची परीक्षा कशाला?

तरी सर रोज संध्याकाळी दुकानात हजर. कधी काडेपेटी, कधी छटाकभर चहापत्ती. मला वाटायचं, भांडायची खुमखुमी.

एकदा ते तापाने पडले, म्हणून मी घरी गेलो. भिंतभर कागद लावलेले. सगळ्यांवर तीच सावळी बाई, पण उभी. आणि एकीच्याही मानेच्या वर काही काढलेलं नव्हतं. मी थट्टेत विचारलं, "सर, डोकं काऊन नाही दिलं?"

सर हसले नाहीत. "माय जल्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदणी करत राह्यली. तिचा फोटो नाही. शेटच्या तसबिरीतल्या सावळीचं वाकलेलं तोंड हुबेहूब मायचं. म्हनून तिले उभी करून पाहून राह्यलो."

रोज संध्याकाळची ती काडेपेटी कशासाठी, ते आता कळलं. फार वाईट वाटलं.

"पाय जमले, कंबर जमली," सर कागदाकडे बघत म्हणाले. "पन मान वर केल्यावर माय कशी दिसत असंल, तेच येत नाही. तशी मी तिले कधी पाह्यलीच नाही."