मार्तंडरावांचे शेरे

"बाबा, डिलीट केलं म्हणजे गेलं नाही होत," बकुळ मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली आणि मार्तंडराव पिंपुटकरांचा पोह्यांचा घास हातातच राहिला.

"गेलं नाही म्हणजे?"

"आतच राहतं. फक्त दिसत नाही. कोणीही दुकानवाला काढून देतो. पूर्ण मिटवायचं तर त्याच्यावर दुसरं काही लिहावं लागतं, त्याचा प्रोग्राम असतो. पण तुम्ही का विचारता?"

"सहज."

सहज कसलं!

मार्तंडरावांचा जन्म झाशीत रेल्वेच्या कचेरीत गेला. तिथे शेरा मारल्याशिवाय कागद पुढे सरकत नसे, आणि ती खोड निवृत्तीनंतरही सुटली नाही. झाशीत मराठी घरं मूठभर. त्यांची लग्नं जुळवण्याचं काम वर्षानुवर्षं मार्तंडरावांकडे. ग्वाल्हेरपासून गुरसरायपर्यंतची सगळी स्थळं त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये नीट नोंदलेली, आणि प्रत्येक स्थळाखाली त्यांचा खास शेरा. 'पगार सांगतात त्याच्या पाऊणपट धरावा.' 'मुलगी गुणी, आवाज गार्डाच्या शिट्टीचा.' कोणाला दाखवायचं थोडंच होतं? मनाची खाज, दुसरं काय!

पण आता त्यांच्याच बकुळचं जमत आलं होतं. दतिया गेटजवळच्या विश्वंभरराव कानड्यांचा श्रीकृष्ण. एवढी स्थळं नाक मुरडून परत पाठवणारी बकुळ याला भेटून आली ती हसतच आली. घरचंच कार्य निघाल्यावर समाजाचं काम दुसऱ्याने बघावं, म्हणून ते विश्वंभररावांच्या पत्नी इंदूताईंकडे गेलं. घरात नवा लॅपटॉप आला होताच. "धूळ खात पडण्यापेक्षा त्यांच्या कामी येईल," म्हणून मार्तंडरावांच्या बायकोने, कमलिनीबाईंनी, तो जुना कॉम्प्युटरही रिक्षात घालून कानड्यांकडे पाठवून दिला. पाठवण्याआधी मार्तंडरावांनी आतलं सगळं पुसलं, कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली. शेरे काढून स्वच्छ यादी नव्या लॅपटॉपवरून मागाहून द्यायची असं मनाशी ठरवलं आणि गंगेत न्हाल्यासारखे निश्चिंत झाले.

आणि आता पोरगी म्हणते, आतच राहतं!

त्यांना विश्वंभररावांवरचा शेरा आठवला. 'माणूस भला. बोलायला लागला की मेलगाडीसुद्धा आउटर सिग्नलला उभी राहते.' अरे देवा! दोन दिवसांत कळवतो म्हणालेल्या कानड्यांकडून चार दिवस झाले तरी निरोप नव्हता. मार्तंडरावांनी बशी खाली ठेवली आणि बकुळला म्हणाले, "तो प्रोग्राम मला दे."

बकुळने पेनड्राइव्हवर घालून दिला. "एकदा सुरू झाला की मध्ये बंद नाही करायचा, बाबा. दीड-दोन तास घेईल."

"निघालात कुठे?" कमलिनीबाईंनी दारात गाठलं.

"कानड्यांकडे. त्यांच्या कॉम्प्युटरला व्हायरस आहे, साफ करून येतो."

"न बोलावता? अहो, होकार मागायला आलेत असं वाटेल त्यांना! मुलीच्या बापाला शोभतं का हे?"

"वाटू दे," म्हणत मार्तंडराव भर उन्हात रिक्षात चढले.

कानड्यांचं दार विश्वंभररावांनीच उघडलं. डोक्याला टोपी, पायात चप्पल. मार्तंडरावांना बघून ते क्षणभर थबकले, मग चप्पल काढून मुकाट्याने बाजूला झाले. इंदूताईंनी पाणी आणलं. व्हायरसचं ऐकून त्या जरा गोंधळल्या, "बघा ना, बघा," म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या. मार्तंडरावांनी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह जोडला, बकुळने सांगितलेलं बटण दाबलं. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. त्यांनी खुर्ची ओढून पडद्याला पाठ लावली आणि हुश्श केलं. आता काय, विश्वंभररावांना एक प्रश्न विचारायचा आणि दोन तास मान डोलवत बसायचं.

"गुरसरायला जाऊन आलात म्हणे?"

विश्वंभररावांनी मान हलवली.

"सगळे खुशाल?"

पुन्हा मान. वाडवडिलांच्या गुरसरायचं नाव काढल्यावर हा माणूस पणजोबांपासून सुरू होतो अशी ख्याती, आणि आज तोंडातून अवाक्षर नाही! मार्तंडरावांनी उन्हाळा विचारला, महागाई विचारली, गुडघेदुखीसुद्धा विचारून पाहिली. मान, मान आणि मान.

"चार दिवस असेच आहेत," इंदूताई चहा ठेवत म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या शांततेत कॉम्प्युटरची घरघर मोठमोठ्याने ऐकू येऊ लागली. विश्वंभररावांची नजर तिकडे वळली. आता विचारणार, हे काय चाललंय? मार्तंडराव घाईघाईने बोलत सुटले. बीना जंक्शनची बदली सांगितली. साहेबाचा कुत्रा मालगाडीतून इटारसीला पोचला तो किस्सा सांगितला. पित्ताशयातला खडा काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. हळूच मान वळवून पाहिलं तर पट्टी पाऊण झाली होती. आता थोडकंच उरलं, असं म्हणतात न म्हणतात तोच पंखा थांबला आणि पडदा काळा झाला.

"बत्ती गुल!" इंदूताई आतून ओरडल्या. "आज दिवसभर हेच चाललंय."

मार्तंडराव रडायचेच बाकी राहिले. वीज आली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि किस्से तर सगळे संपलेले! मग त्यांनी स्वतःचं लग्न काढलं, सासूबाई काढल्या, आयुष्यात कोणाला न सांगितलेलं सांगितलं. शेवटी काही म्हणता काही उरलं नाही, तेव्हा गाडी बकुळवर आली.

"पोरीचं मराठी मोडकंतोडकं, पण माझ्याशी बोलते हो ती. संध्याकाळी ऑफिसातून आली की तासभर. बाकी घरात कोण? ही देवळात, टीव्ही हिंदीत. बकुळ गेली की मी बोलू कोणाशी? भिंतीशी?"

असं काही बोलायचं त्यांच्या मनात मुळीच नव्हतं. तोंडून निघून गेलं. विश्वंभररावांनी पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे नीट बघितलं. तेवढ्यात मागे कॉम्प्युटर टुंग वाजला, पट्टी पूर्ण झाली.

"झालं!" मार्तंडराव उभेच राहिले. "साफ झालं सगळं!"

"व्हायरस?" इंदूताई बाहेर आल्या. त्यांचा चेहरा कसनुसा झाला होता. "मार्तंडराव, एक सांगायचं राहिलंय. रागवू नका. तुमचा कॉम्प्युटर आला त्या दिवशी उघडला तर आत काही नाही! मला वाटलं, माझ्याच हातून काही दाबलं गेलं. समाजाची एवढ्या वर्षांची स्थळं गेली, आता तोंड कुठे दाखवू? बड्या बाजारातल्या दुकानवाल्या भैयाला बोलावलं. पंधरा मिनिटांत सगळं परत आणलं त्याने. वर पेनड्राइव्हवर घालूनही दिलं." त्यांनी फडताळातून पेनड्राइव्ह काढून समोर ठेवला.

मार्तंडराव पुन्हा खुर्चीवर बसले. "वाचलंत?"

"यांनीच वाचून दाखवलं, मोठमोठ्याने. पोट धरधरून हसलो. मग यांचं स्वतःचं आलं. तिथे थांबले ते आजपर्यंत."

"आणि तुम्ही?"

"माझ्यावर लिहिलंय, 'बाई शहाणी, म्हणून टिकली.' त्यात खोटं काय आहे?"

मार्तंडरावांनी विश्वंभररावांपुढे हात जोडले. "चूक माझी. हवं ते बोला मला, चार शिव्या द्या. पण पोरीवर राग काढू नका. तिने आजवर कोणाला हो म्हटलेलं नाही."

विश्वंभररावांनी खाकरून घसा मोकळा केला. चार दिवस न वापरलेला आवाज आधी खरखरला.

"शेरा खरा आहे. त्याचं वाईट नाही वाटलं. पण ज्याला माझं बोलणं जड होतं त्याच्याशी जन्माची सोयरीक कशी करायची? सणासुदीला हा माणूस समोर बसणार आणि मनात शेरे मारणार! नकार कळवायलाच निघालो होतो आज. चप्पल घातली आणि तुम्ही दारात."

मार्तंडरावांनी डोळे मिटून घेतले.

"आणि आलात ते काय! कुत्रा काय, खडा काय, सासूबाई काय! मला एक शब्द मध्ये घालू दिला नाहीत." विश्वंभररावांच्या मिशा हलल्या. ते हसत होते. "मला काय माहीत, तुम्हालाही बोलायला कोणी नाही म्हणून? लग्न पक्कं समजा. फक्त दर रविवारी यायचं. पहिला तास तुमचा, पुढचा माझा."

इंदूताईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि खुंटीवरची पिशवी काढली.

"निघालीस कुठे?" विश्वंभररावांनी विचारलं.

"कमलिनीताईंकडे, गोड बातमी सांगायला. दर रविवारी मी तिकडेच असणार आहे. दोन माणसं एकदम बोलणार, तिथे शहाण्या बाईचं काय काम?"

दार लागलं. विश्वंभरराव खुर्ची ओढून जवळ आले. "तर गुरसरायला काय झालं…" म्हणाले आणि एकदम थांबले. चोरट्या नजरेने त्यांनी मार्तंडरावांकडे पाहिलं.

मार्तंडरावांनी पाय वर घेऊन ऐसपैस मांडी घातली.

"थांबलात का? पणजोबांपासून सांगा."